भिक्खूंची पोढी, मठांची घंटा

निरवांगीच्या शिवारात उभे राहून कोणी विचारले की इथे कधी भिक्खूंचा विहार होता का, तर डोळ्यांना काहीच पुरावा सापडणार नाही. नीरेच्या काठची काळी जमीन, उभा ऊस आणि नजर जाईल तिथवर सपाटी. लेणे कोरायला लागतो तसा उभा कातळकडा आमच्या इंदापूर तालुक्यात नाही. पुणे जिल्ह्यातली बौद्ध लेणी सगळी पश्चिमेला, घाटमाथ्याच्या आसपास आहेत: कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी आणि जुन्नरभोवतीचे डोंगर. त्यामुळे प्राचीन मठ म्हणजे डोंगरातली गोष्ट, सपाटीच्या माणसाने ती सहलीला जाऊन पाहायची, असा समज सहज होतो.

हा समज अपुरा आहे. डोंगरातला विहार आज दिसतो, कारण तो बसाल्टच्या सलग थरात कोरलेला आहे. सपाटीवरचा विहार विटांचा, लाकडाचा, मातीचा. विटा पुढच्या पिढ्यांनी घरांसाठी उचलल्या, लाकूड कुजले, उरलेल्यावर नांगर फिरला. धाराशिव जिल्ह्यातले तेर याचा चांगला दाखला आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तेरचा उल्लेख ‘तगर’ या नावाने येतो. तिथले त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे, मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी ही वास्तू पाहिली आणि मूळचे बौद्ध चैत्यगृह म्हणून तिची ओळख दिली. पुढे तिथे त्रिविक्रम आला, पूजा सुरू राहिली, आणि पूजा सुरू राहिल्यामुळे विटा जागच्या जागी राहिल्या. तेरच्या बाकीच्या विटांचे नशीब इतके चांगले नव्हते.

शेतकऱ्याच्या बोलीत गावाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. पिढ्यान् पिढ्या माणसे एका जागी राहिली, राख, शेण, चुना, पडलेल्या भिंती यांचा थर साचला की माती पांढुरकी होते. पुरातत्त्वाचे अभ्यासक गावात आल्यावर आधी पांढरीची जागा विचारतात ते याचसाठी. आणि नेमकी हीच माती आपण सगळ्यांत जास्त उपसली. धाब्याच्या घरांच्या छपरावर घालायला, शेतात खत म्हणून टाकायला, अलीकडे भरावासाठी. आपल्या भागातल्या जुन्या इतिहासाचे सर्वांत मोठे नुकसान परक्या आक्रमकांनी नव्हे, या उपशाने केले असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या आकाराची वीट, खापराचा चकाकणारा लाल किंवा काळा तुकडा, शंखाच्या बांगडीचा अवशेष, शिशाचे नाणे असे काही नांगराला लागले तर ती वस्तू कोणत्या गटात, किती खोलीवर सापडली ही नोंद वस्तूइतकीच मोलाची असते. निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा अशी तरतूद त्यात तेव्हापासून आहे. फार थोड्यांना ती ठाऊक असते.

शेतकरी आणि विहार यांचा संबंध दूरचा नव्हता. तळेगाव दाभाड्याजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावात राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरकऱ्याची बायको सियागुटणिका आणि तिचा मुलगा नंद यांनी हे लेणे दान दिले, असे तो सांगतो. राजा नाही, सावकार नाही. नांगर धरणाऱ्या घरातली बाई आपल्या नावाने दगड कोरून घेते आणि ते नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकते. इंदापूर-बारामतीच्या कुठल्याही शेतकरी घरातल्या मुलीला प्राचीन इतिहास शिकवायचा असेल तर मी सातवाहन राजांच्या वंशावळीआधी हा लेख शिकवीन.

विहार चालायचा कसा, हेही लेखांतूनच कळते. भिक्खू कमवत नाही, साठवत नाही. मग वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, एका जागी राहणाऱ्या वीस-पंचवीस जणांचे अन्न-वस्त्र कोण पाहणार? नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने याचे उत्तर हिशेबासकट कोरून ठेवले आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून दिली. त्यांतली दोन हजार गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेली एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजच खायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस, आणि लेख म्हणतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. हिशेब चोख आहे. विणकरांना भांडवल मिळाले, भिक्खूंना कापड मिळाले आणि दात्याला पुण्य. याच उषवदाताने कार्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या वालुरकाच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्खूंसाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे.

मुंबईच्या बोरिवलीजवळचे कान्हेरी हे या सगळ्याचे मोठे रूप. एकाच डोंगरावर शंभराहून अधिक लेणी, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून जवळजवळ हजार वर्षे सलग वस्ती. चढायला कोरीव पायऱ्या, बसायला ओटे, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात पाण्याचे टाके. लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि लेणी पाहत हिंडणारी आपली माणसे आजही तोच शब्द वापरतात. डोंगराच्या पाठीवर पडणारा पाऊस पन्हळीतून या पोढ्यांत उतरवला आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे जवळ, आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी, सोनारांनी, त्यांच्या घरच्या बायकांनी दाने दिली. एका लेखात मंगलस्थान गावातल्या शेताचे दान आहे. तेच आजचे मागाठाणे. तिथेही बौद्ध लेणी आहेत आणि आज ती झोपड्या-इमारतींच्या मधोमध घुसमटली आहेत. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण, असे प्राचीन स्मारक कायद्याची २०१० ची दुरुस्ती सांगते. पण कायदा आला तोवर मागाठाण्याला वस्तीने वेढले होते.

कान्हेरीच्या लेखांवरचा मोठा अभ्यास पुण्यात झाला, हे सांगायला मला विशेष आनंद होतो. डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांचे ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ हे पुस्तक १९९१ साली आले. कान्हेरीच्या एका लांबलचक गुहेत विटांच्या छोट्या-छोट्या स्तूपांची रांग होती. ही मृत स्थविरांची स्मृतिस्थाने. तिथल्या पाट्यांवरची झिजलेली अक्षरे गोखले यांनी वाचली आणि त्या भिक्खूंची नावे, त्यांच्या विद्वत्तेच्या पदव्या पुन्हा उजेडात आणल्या. लेण्यांच्या अभ्यासात दात्यांची नावे खूप मिळतात. तिथे खरोखर राहिलेल्या माणसांची फार कमी. म्हणून हे काम मला फार मोठे वाटते.

शिलालेखाचा ठसा कसा घेतात हे एकदा तरी पाहावे. दगड मऊ ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ करायचा. त्यावर ओला कागद बसवायचा आणि जाड केसांच्या ब्रशने ठोकत जायचे, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. कागद जरा सुकत आला की शाईची गादी हलक्या हाताने फिरवायची. दगडाची पाठ काळी उमटते आणि अक्षरे पांढरी राहतात. आता तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र आणि त्रिमितीय स्कॅन हेही करतात, आणि ते दगडाला स्पर्शही करत नाहीत. अक्षरे ‘स्पष्ट दिसावीत’ म्हणून खडू घासणे किंवा ऑइलपेंट भरणे मात्र कधीच करू नये. आपल्या गावांतल्या वीरगळांवर आणि देवळांच्या लेखांवर हा प्रकार सर्रास होतो. रंग भरणाऱ्याला जे अक्षर दिसले तेच कायमचे होऊन बसते, आणि रंगाखालचा दगड पापुद्रे धरून सुटू लागतो.

कान्हेरीत आणखी एक नवल आहे. एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. पारशी मंडळी डोंगर पाहायला आली आणि आपली नावे कोरून गेली. तोवर विहाराचा उतरता काळ आला होता, पण जागेचे माहात्म्य परधर्मीयांनाही खेचत होते.

आता सोपाऱ्याला येऊ, कारण बौद्ध आणि ख्रिस्ती मठांचे धागे महाराष्ट्रात पहिल्यांदा जवळ येतात ते तिथे. नालासोपाऱ्यात एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उघडले. आत विटांचा स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे आणि सोन्याची फुले. ते पात्र बुद्धाचे अशी श्रद्धा होती. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही भगवानलालांना सापडला.

याच सोपाऱ्यात १३२१ साली एका युरोपीय संन्याशाने आपल्या चार सोबत्यांची प्रेते पुरली. टोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार हे फ्रान्सिस्कन पंथाचे. ठाण्यात काझीसमोर धर्माबद्दल वाद झाला आणि त्यांना ठार करण्यात आले. जॉर्डानस नावाच्या डॉमिनिकन संन्याशाने ती प्रेते सोपाऱ्याच्या चर्चमध्ये नेली. म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, सोपाऱ्यात चर्च होते. त्याही मागे, सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि हे आपले कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. थोड्याच वर्षांनी ओदोरिक नावाच्या संन्याशाने त्या चौघांच्या अस्थी सोपाऱ्याहून उचलल्या आणि समुद्रमार्गे चीनपर्यंत नेल्या. स्तूपातले पात्राचे तुकडे आणि चर्चमधल्या अस्थी, दोन्ही एका गावच्या मातीत, दोन्ही श्रद्धेने जपलेल्या. सोपाऱ्याच्या शाळेत हे दोन्ही धडे एकत्र शिकवायला हवेत.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि साष्टी बेट त्यांच्या हाती आले. फ्रान्सिस्कन संन्यासी अंतोनियो दो पोर्तो याने बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचा ताबा घेतला. हे लेणे बौद्ध नव्हे, शैव आहे, सहाव्या शतकाच्या आसपासचे, आणि त्यात नटराजाचे सुरेख शिल्प आहे. संन्याशांनी लेण्याचे चर्च केले, काही शिल्पे भिंतीआड गेली, एका शिल्पपटाच्या जागी दगडातच मोठा क्रॉस कोरला गेला, आणि लेण्याच्या डोक्यावर मठ व विद्यालय उभे राहिले. देवस्थानाच्या जमिनींचे उत्पन्नही त्या मठाकडे वळले. कान्हेरीच्या भव्य चैत्यगृहाचेही काही काळ संत मायकेलचे चर्च झाले. तिथे तेव्हा बौद्ध भिक्खू नव्हते, पण दोन जोगी राहत होते, आणि पोर्तुगीज बखरकारांच्या म्हणण्यानुसार त्यांनाही बाप्तिस्मा देण्यात आला.

हे सक्तीचे आणि मोडतोडीचे पर्व होते. ते झाकायचे नाही. पण त्याच काळात एक अशी गोष्ट घडली जी मला कान्हेरीच्या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते.

गोव्यात राहणारा दियोगो दो कौतो हा पोर्तुगीज बखरकार गोव्याच्या दफ्तराचा रखवालदार होता. त्याने कान्हेरीबद्दल लिहिताना साष्टीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली कथा दिली आहे. एका राजाला ज्योतिष्यांनी सांगितले की तुझा मुलगा संन्यासी होईल. म्हणून राजाने मुलाला जगातले दुःख दिसू नये अशा महालात वाढवले, आणि तो महाल म्हणजेच कान्हेरी. कौतोने ही कथा ऐकली आणि त्याच्या लक्षात आले की आपल्याकडच्या संत जोसाफतची कथा हीच आहे. जोसाफतही राजपुत्र, त्यालाही महालात कोंडले, त्यालाही आजारी आणि म्हातारा माणूस दिसला, आणि तोही राज्य सोडून गेला. हिंदुस्थानातले लोक ज्याला बुद्ध म्हणतात तो आणि आपला जोसाफत यांच्यात नाते आहे, असे कौतोने लिहून ठेवले.

कौतोचा अंदाज खरा होता. बुद्धचरित्राची कथा मध्य आशियातून अरबीत गेली, तिथे बोधिसत्त्वाचा ‘बुदासफ’ झाला. अरबीतून ती जॉर्जियन भाषेत गेली आणि तिथे ख्रिस्ती झाली. ग्रीसमधल्या माउंट अॅथॉस या मठवस्तीतल्या युथिमियस नावाच्या जॉर्जियन संन्याशाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे ग्रीक रूप केले. तिथून लॅटिन आणि मग युरोपातली जवळजवळ प्रत्येक भाषा. सोळाव्या शतकात रोमच्या हुतात्म्यांच्या अधिकृत यादीत २७ नोव्हेंबर या दिवशी जोसाफत आणि त्याचा गुरू बारलाम यांची नावे आली. म्हणजे कान्हेरीचे चैत्यगृह चर्च करणाऱ्या संन्याशांच्या धर्मकथांत बुद्ध आधीपासूनच संत म्हणून बसलेला होता, त्यांना फक्त ते ठाऊक नव्हते. मठाच्या एका खोलीत बसून कोणीतरी पोथी उतरवतो, दुसरा ती दुसऱ्या भाषेत आणतो, आणि हजार वर्षांनी ती कथा आपल्या जन्मभूमीत परत येते. मठांचे काम काय होते हे यापेक्षा चांगले कसे सांगावे मला कळत नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मंडपेश्वर पुन्हा शिवाचे झाले. आज तिथे पूजा चालते, क्रॉस भिंतीवर आहे, आणि वर मठाचे अवशेष उभे आहेत. अधूनमधून कोणी म्हणतो की हा क्रॉस काढून जागा मूळ रूपात आणावी. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. मूळ रूप कोणते? सहाव्या शतकातले? मग त्रिविक्रमाची मूर्ती तेरच्या देवळातून काढायची का? लेण्याद्रीचा गिरिजात्मज तर अष्टविनायकांपैकी एक, आणि तो बसला आहे बौद्ध विहारात. सभामंडपाला खांब नाहीत, भोवताली भिक्खूंच्या खोल्या आहेत. जुन्नरच्या भक्ताला तिथून गणपती हलवा असे कोण सांगेल? दगडावर प्रत्येक काळाने काहीतरी लिहिले आहे. वरचा थर खरवडून खालचा काढायचा म्हटले की दोन्ही जातात, आणि पुढच्या अभ्यासकाला नुसता खरवडलेला दगड उरतो. क्रॉसशेजारी एक नीट लिहिलेला फलक लावा: कोणी, कधी, का. एवढे पुरेसे आहे.

गोव्याच्या मठांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शोध कसा घ्यावा याचा नमुना तिथे मिळतो. ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ साली गोव्यात आले. जुन्या गोव्यात त्यांनी संत ऑगस्टीनचे जे चर्च आणि मठ बांधला त्याला उंच मनोरे होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले मठ बंद केले. माणसे गेली आणि वास्तूची रोजची देखभाल थांबली. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि एका मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा मनोरा, सुमारे ४६ मीटर उंच, जांभ्या दगडाचा, आज तेवढाच उभा आहे. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा असेपर्यंत पाणी बाहेर राहते, गिलावा गेला की पावसाळ्यागणिक दगड पाणी पितो, फटींत पिंपळ आणि उंबर रुजतात आणि मुळे भिंत फोडतात. अशा भिंतीला सिमेंट लावणे म्हणजे आतले पाणी आत कोंडणे. चुना श्वास घेऊ देतो, म्हणून डागडुजी चुन्यानेच करायची, हा नियम आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांना आणि देवळांनाही तितकाच लागू आहे.

या ढिगाऱ्यात एका राणीचा शोध लागला. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराजमध्ये अडकवून ठेवले, धर्म सोडायला ती तयार झाली नाही, आणि १६२४ मध्ये तिला हाल करून मारले. शिराजमध्ये असलेल्या ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतला काही भाग गोव्याच्या मठात आणला. पोर्तुगीज कागदपत्रांत जागाही दिली होती: मठाच्या बैठकीच्या दालनातल्या चॅपेलमध्ये दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटी. जॉर्जियन अभ्यासक अनेक वर्षे येऊन शोधत होते, पण छत कोसळलेल्या मठात दालन कोणते आणि खिडकी कोणती हेच ठरत नव्हते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसून मठाचा आराखडा मोकळा केला, तेव्हा जागा ओळखता आली, आणि २००४ मध्ये तिथे हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला.

पण हाड कोणाचे? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत त्यातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला गेला. हा आईकडून मुलांना मिळतो. तो यू१बी या वंशगटाचा निघाला. भारतातल्या सुमारे बावीस हजार माणसांच्या माहितीत हा गट कुठेही नव्हता. तपासलेल्या तीस जॉर्जियन माणसांपैकी दोघांत मात्र तो सापडला. तिथेच मिळालेल्या इतर अस्थींत भारतात आढळणारे गट होते. अभ्यासकांनी निष्कर्ष जपून मांडला: ही अस्थी केतेवानची असण्याची शक्यता मोठी आहे. मला हा संयम आवडतो. कागदाने जागा सांगितली, खोदकामाने वस्तू दिली, प्रयोगशाळेने तिचा दूरचा वंश सांगितला. तिघांपैकी एकानेच सांगितले असते तर ती नुसती आख्यायिका राहिली असती. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाला सुपूर्द केला. ज्या देशातल्या संन्याशांनी बुद्धाची कथा पश्चिमेला पोचवली, त्याच देशाची राणी चारशे वर्षे कोकणातल्या मठाच्या जमिनीत विसावली होती.

धर्माच्या रेषा ओलांडून झालेल्या या कामात आणखी एक नाव घ्यायला हवे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले जेझुइट इतिहासकार फादर हेन्री हेरास. १९३० साली गोव्यातल्या कोलवाळला त्यांना बुद्धमूर्ती सापडली आणि गोव्यात बौद्ध धर्म होता याचा ठोस पुरावा मिळाला. गळ्यात क्रॉस घालणारा पाद्री बुद्ध शोधतो आणि तो नीट नोंदवतो, ही परंपरा आपण पुढे चालवावी अशी आहे.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा चारही पंथांच्या वास्तूंचे अवशेष आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांच्या कबरशिळा आहेत, आणि पर्यटकांच्या पायांखाली त्यांची अक्षरे दरवर्षी झिजतात. त्यांचे ठसे, छायाचित्रे आणि वाचन हे काम तातडीने आणि पूर्ण करायला हवे. यासाठी पोर्तुगीज येणारी माणसे हवीत, आणि मोडी येणारीही. कारण वसई मोहिमेची मराठी बाजू पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत आहे. मोडी वर्गाला जाणारी मुले आता तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांनी सनदा आणि वतनपत्रांपलीकडे या कागदांकडेही वळावे.

आणि वसईच्या मठांचा एक भाग आपल्या देवळांत टांगलेला आहे. मोहिमेनंतर चर्चच्या मोठ्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या आणि देवाला वाहिल्या गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा १७२१ सालची, वाईजवळच्या मेणवलीतली १७०७ सालची. पालीच्या बल्लाळेश्वराला आहे, आणि आपल्या भीमाशंकरला आहे, जिथे उगम पावणारी भीमा पुढे निरा-नरसिंहपूरला नीरेला भेटते. यांतल्या काहींवर क्रॉस आहे, मेरीची आकृती आहे, ओतल्याचे वर्ष आहे. भाविक त्यावर हात ठेवतात, पुजारी त्या घासतात, कुठे रंगही फासला जातो. घंटेला काही इजा न करता तिचा व्यास मोजता येतो, बाजूने तिरपा उजेड टाकून प्रत्येक अक्षराचे छायाचित्र घेता येते, आकृती आणि वर्ष टिपून ठेवता येते. देवस्थानाच्या विश्वस्तांची परवानगी आणि एक दिवस, एवढेच लागते. अशी एकेका देवळाची नोंद जमा होत गेली आणि वसई-गोव्याच्या कागदांशी ताडून पाहिली, तर कोणती घंटा कोणत्या पंथाच्या, कोणत्या मठाच्या मनोऱ्यात वाजत होती, हे बऱ्याच ठिकाणी सांगता येईल.